आई आणि मुलगा, निदान एकच: ठाण्यातल्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

अर्णव तपासणीला आला तेव्हा 8 वर्षांचा होता, तिसरीत. त्याची आई मेघना 37 वर्षांची, ऐरोलीच्या एका कंपनीत पगारपत्रकांचं काम बघणारी. दोघांनाही एडीएचडी, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर आहे. मुलाचं निदान आधी झालं, आईचं काही महिन्यांनी. नावं बदलली आहेत आणि ओळख पटू नये म्हणून इतर कुटुंबांमधले काही तपशील यात मिसळले आहेत. लक्षणं, तपासणीचा क्रम आणि उपचारांचे निर्णय मात्र असेच होते.

मी ठाण्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की एकाच घरात हा विकार दोन वयांत किती वेगळा दिसतो ते इथे शेजारी-शेजारी पाहायला मिळालं. मुलाचा एडीएचडी शाळेला, सोसायटीतल्या शेजाऱ्यांना, वॉचमनलासुद्धा दिसत होता. आईचा कुणालाच दिसत नव्हता, अगदी नवऱ्यालाही. लहानपणापासून कुणी ना कुणी तिला टेकू देत आलं होतं. मोठ्या माणसाची तपासणी करताना लक्षणांइतकाच हा टेकू शोधावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

शाळेची चिठ्ठी

अर्णवला शाळेने पाठवलं. सहामाहीपर्यंत डायरीची मागची पानं शेऱ्यांनी भरली होती: वही अपूर्ण, गृहपाठ नाही, शेजारच्या मुलाला त्रास देतो, परवानगीशिवाय वर्गाबाहेर गेला. तो बाकावर एक पाय दुमडून आणि दुसरा बाहेर सोडून बसायचा. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा, आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर. खेळाच्या तासाला रांग मोडून पुढे. पाण्याच्या बाटल्या, खोडरबरं, स्वेटर, एकदा तर एका पायातला बूट हरवून घरी आला. सोसायटीत भांडणं रोजची. पाच मिनिटांनी त्याच मुलांना खेळायला बोलवायला जायचा आणि ती का येत नाहीत हे त्याला कळायचं नाही.

वडिलांचा, समीरचा, पहिला प्रश्न होता: "मोबाईलवर गेम खेळताना हा दोन-दोन तास हलत नाही. मग याचं लक्ष लागत नाही असं कसं म्हणायचं?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो आणि तो रास्त आहे. एडीएचडीमध्ये लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथे, हवं तेव्हा नेता येत नाही. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं, चित्र बदलतं, आवाज येतो, त्यामुळे तिथे लक्ष आपोआप धरून ठेवलं जातं. फळ्यावरची सात वाक्यं वहीत उतरवताना असं काहीच मिळत नाही. तिथे लक्ष स्वतःच्या बळावर टिकवावं लागतं आणि नेमकं तेच बळ कमी पडतं.

तपासणीत ठोकळ्यांची एक चाचणी असते. चित्र पाहून लाल-पांढरे ठोकळे तसेच जुळवायचे. अर्णव खुर्चीवरून उतरला, गुडघ्यांवर आला, परत चढला, मग टेबलाला पोट टेकून उभा राहिला. या सगळ्यात हात एकदाही थांबले नाहीत, आणि रचना त्याच्या वयाच्या मुलांपेक्षा बऱ्याच लवकर पूर्ण झाली. त्यानंतर आकडे ऐकून उलट क्रमाने सांगायची चाचणी. तीन आकडे जमले. चार आकड्यांना खिडकीबाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, आणि त्याने मला विचारलं, "कुठल्या आकड्यापासून?" आकलन उत्तम, पण ऐकलेलं चार क्षण डोक्यात धरून त्यावर काम करायची क्षमता खूपच तोकडी. शाळेच्या भाषेत याचं नाव पडतं: हुशार आहे पण अभ्यास करत नाही.

डोळे आणि कान तपासले. घोरतो का, झोप पुरेशी होते का, ते विचारलं. टॉन्सिल-ॲडेनॉइडमुळे रात्रभर झोपमोड होणारी मुलंही दिवसा अशीच वागतात. अध्ययन अक्षमता आहे का ते वेगळं पाहिलं. वाचन वयाप्रमाणे होतं, शुद्धलेखनातल्या चुका घाईच्या होत्या. घरच्यांचा आणि वर्गशिक्षिकेचा, असे दोन्ही फॉर्म भरून घेतले, कारण त्रास फक्त घरी किंवा फक्त शाळेत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. 2013 पासून वापरात असलेल्या डीएसएम-5 या निदान-संहितेत अवधान, म्हणजे लक्ष, कमी पडण्याची 9 आणि चंचलता-उतावळेपणाची 9 लक्षणं आहेत. मुलांमध्ये यांपैकी एका गटातली किमान 6 लक्षणं, किमान 6 महिने, किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. अर्णवच्या बाबतीत दोन्ही गट भरले.

त्याची स्वतःची तक्रार एकच होती: "टीचर माझ्यावरच ओरडते." या वयात मूल स्वतःची तक्रार घेऊन येतच नाही. त्याला आणतात ते त्याच्यामुळे वैतागलेले लोक.

फॉर्म भरताना

पालकांचा फॉर्म मेघनाकडून यायला उशीर झाला. एक प्रत ट्रेनमध्ये राहिली, दुसरी आली ती अर्धी भरलेली. शेवटी ती समोर बसून भरायला लागली. 'वस्तू वारंवार हरवतो', 'काम सुरू करून अर्धवट सोडतो', 'समोरून बोललं तरी ऐकत नाही असं वाटतं', असे प्रश्न ओळीने येत गेले. मध्येच पेन ठेवून ती म्हणाली, "मॅडम, हे त्याच्याबद्दल विचारताय की माझ्याबद्दल?"

मी तेव्हा त्यावर काही बोलले नाही. मुलाची तपासणी चालू असताना आईचं निदान मध्येच काढलं, तर दोघांचंही नीट होत नाही. पण नोंद केली, आणि अर्णवचे उपचार मार्गी लागल्यावर तिला एकटीला बोलावलं.

तिने जे सांगितलं ते ऐकायला अर्णवच्या डायरीसारखं अजिबात नव्हतं. ती खुर्चीवरून उतरत नव्हती. तासभर एका जागी बसली. फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं-सोडणं चालू होतं. "आतून कुणीतरी सारखं चल चल म्हणत असतं," हे तिचे शब्द. देवासमोर आरतीला उभं राहिलं तरी मन पुढच्या तीन कामांवर. मीटिंगमध्ये दुसऱ्याचं वाक्य ती पूर्ण करते आणि मग दिवसभर स्वतःला खात बसते. क्रेडिट कार्डाचं बिल भरायला पैसे असतात, तरी दर दोन-तीन महिन्यांनी लेट फी लागते. ट्रान्स-हार्बर लोकलला बसली की विचारांत ऐरोली निघून जातं आणि रबाळ्याला उतरून परत यावं लागतं. दर वर्षी नवी डायरी घेते. सगळ्या डायऱ्या 10 जानेवारीपर्यंतच भरलेल्या. पगाराचा दिवस जवळ आला की मात्र ती रात्री दोनपर्यंत बसून एकटी पाच शाखांचं काम एकाही चुकीशिवाय संपवते. ऑफिसात त्यासाठी तिचं कौतुक होतं. त्यानंतरचे दोन दिवस ती घरी कुणाशी बोलूही शकत नाही, हे ऑफिसला माहीत नाही.

वयानुसार होणारा बदल इथे उघड दिसतो. मुलाची चंचलता हातापायांत असते, मोठ्यांची बहुतेक आत जाते. मुलगा रांग मोडतो. आईने रागाच्या भरात दोनदा राजीनामा पाठवला होता, एकदा तो मागे घ्यावा लागला. मुलगा खोडरबर हरवतो. आई मुदतठेवीची पावती. मुलाला राग आला की तो वस्तू फेकतो. आई ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडते आणि तोंड धुऊन बाहेर येते. भावनांचा हा झटका डीएसएमच्या 18 लक्षणांत नाही, पण मोठ्या रुग्णांमध्ये संसार आणि नोकऱ्या मोडतात त्या बऱ्याचदा त्यानेच.

2007 साली अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूंचे वर्षानुवर्षं काढलेले स्कॅन तपासले. मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे बाहेरच्या थराची, जाडी ज्या वयात शिखराला पोचते, ते वय इतर मुलांमध्ये साधारण साडेसात होतं आणि एडीएचडी असलेल्यांत साधारण साडेदहा. उशीर सगळ्यांत जास्त होता तो कपाळामागच्या भागात, जिथून नियोजन आणि आवर चालतो. हालचाल घडवणारा भाग मात्र उलट थोडा आधीच तयार होत होता. म्हणून पालकांना सांगताना मी मुलाच्या वयातून दोन-तीन वर्षं वजा करून अपेक्षा ठेवायला सांगते. पण उशीर भरून निघाला म्हणजे विकार गेला, असं समजू नये. 1990च्या दशकात अमेरिका-कॅनडात एडीएचडी असलेल्या 7 ते 9 वर्षांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्या मुलांचा पाठपुरावा पंचविशीपर्यंत केला गेला आणि 2022 मध्ये निष्कर्ष आला, की कायमचे बरे झालेले जेमतेम 9 टक्के. बहुतेकांची लक्षणं काही वर्षं कमी होतात आणि परत वर येतात. 'मोठा झाला की सुटेल' या वाक्यावर आपल्याकडे किती मुलांची वर्षं गेली असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं.

प्रगतिपुस्तकं

मोठ्या माणसात निदानाला लक्षणं कमी लागतात: 17 वर्षांपुढे एका गटातली 5 पुरतात. पण एक अट कडक आहे. त्यातली काही लक्षणं 12 वर्षांच्या आत दिसलेली हवीत. 37 वर्षांच्या बाईने "मी लहानपणीही अशीच होते" म्हटलं, तर ते खरं असू शकतं किंवा आजच्या त्रासाच्या चष्म्यातून आठवलेलं. पुरावा शोधावा लागतो.

मेघनाच्या बाबतीत तो नाशिकहून आला. तिची आई नौपाड्यात राहणारी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. अलीकडे मुलाकडे नाशिकला गेलेली. शिक्षिकेच्या स्वभावाप्रमाणे तिने दोन्ही मुलांची प्रगतिपुस्तकं जपून ठेवली होती. तिसरी ते सहावीची पुस्तकं तिने भावाबरोबर पाठवली. पुठ्ठ्याच्या कडा गेलेल्या, शाई फिकट, पण शेरे स्पष्ट होते. 'हुशार आहे, लक्ष देत नाही.' 'वह्या अपूर्ण.' 'स्वप्नाळू वृत्ती, वर्गात लक्ष हवे.' 'वस्तू सांभाळत नाही.' चार वर्षं, चार वेगळ्या बाई, आणि शेरा जवळपास तोच. वर्तन या रकान्यात मात्र दरवर्षी 'उत्तम'.

त्या 'उत्तम'मुळेच ती सुटून गेली. ती कुणाला त्रास देत नव्हती. 1995-96च्या सुमाराला तिला कुणी डॉक्टरांकडे नेलं असतं तरी निदान झालं असतं असं मला वाटत नाही. तेव्हा वापरात असलेल्या आयसीडी-10 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, या विकाराची व्याख्याच अशी होती, की अवधान कमी असणं आणि अतिचंचलता ही दोन्ही दिसायलाच हवीत. खिडकीबाहेर बघत शांत बसणारी मुलगी त्या व्याख्येत मावत नव्हती. जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये मुख्यतः अवधानाचा प्रकार वेगळा धरला आहे. बालवयात दवाखान्यात येणाऱ्यांत मुलगे मुलींच्या कितीतरी पट असतात आणि मोठेपणी हे अंतर पुष्कळ कमी होतं. मेघनासारख्या मुली त्या दोन आकड्यांच्या मधे हरवलेल्या असतात.

मेघनाच्या आईशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, "अहो, मी शेजारी बसले की ती सगळं करायची. मी उठले की पेन खाली." दहावीपर्यंत त्या रोज शेजारी बसल्या. दप्तर रात्री त्या भरायच्या. दहावीला मेघनाला 84 टक्के मिळाले आणि त्या टक्क्यांनी पुढची वीस वर्षं सगळ्या शंका मिटवल्या.

बी.कॉम.नंतर तिने सीए करायला घेतलं आणि तिथे पहिल्यांदा गाडी अडली. क्लास होते, पण रोज शेजारी बसून विचारणारं कुणी नव्हतं. आपलं वेळापत्रक आपण पाळायचं होतं. दोन प्रयत्नांनंतर तिने सोडून दिलं, आणि ती 'डोकं असून जिद्द नाही' ठरली. पहिली नोकरी टिकली, कारण तिथले ज्येष्ठ सहकारी रोज संध्याकाळी कामांची यादी घेऊन तिच्या टेबलाशी यायचे. लग्नानंतर घर आईच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. डबा, वीजबिल, अर्णवच्या लसींच्या तारखा, सगळं आजी बघायच्या.

मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आजी नाशिकला गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्याच वर्षी मेघनाला बढती मिळाली: आधी स्वतःचं काम करायचं होतं, आता पाच जणांचं काम पाहायचं. त्याच वर्षी अर्णव पहिलीत गेला. विकार 30 वर्षं तोच होता, त्याखालचे टेकू एकाच वर्षात एकदम निघाले. फॅमिली डॉक्टरांनी चिंतेचं औषध दिलं. थोडी झोप सुधारली, पण विसरणं तिथेच.

दमछाक की विकार

इथे मला सावध राहावं लागलं. नोकरी करणारी, सकाळी डबे करून लोकल पकडणारी, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला उत्तर देणारी बाई विसरेल, चिडेल, थकेल. ती दमछाक आहे, आणि तिच्यावर एडीएचडीचा शिक्का मारणं हा त्या बाईवर अन्याय आहे. घरातलं काम वाटून घेण्याऐवजी तिला गोळी दिली जाण्याचा धोका त्यात आहे. सध्या रील पाहून "मला हेच आहे" म्हणत येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांना त्रास खरा असतो, पण कारण प्रत्येक वेळी हे नसतं.

म्हणून थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासलं. घोरणं आणि झोप विचारली. नैराश्यात आणि दीर्घकाळच्या चिंतेतही लक्ष उडतं, पण ते एका काळात सुरू झालेलं असतं. त्याआधीचा माणूस वेगळा असतो. मेघनात 'आधीचा माणूस' सापडत नव्हता. बायपोलर विकारात उत्साहाचे आणि उदासीचे टप्पे असतात, तेही नव्हते. सुट्टीवर, माहेरी, काहीच काम नसताना कसं असतं, हे विचारलं. नाशिकला आठवडाभर राहूनसुद्धा परत येताना चार्जर, औषधं आणि अर्णवची एक चप्पल तिथेच राहिली होती. दमछाक विश्रांतीने उतरते. हे उतरत नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेची 18 प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, पण ती फक्त चाळणी आहे, तिच्यावर निदान ठरत नाही. सविस्तर मुलाखत झाली, त्यात समीरलाही बसवलं. मोठ्या माणसाच्या तपासणीत जोडीदाराचं म्हणणं लागतंच, जसं मुलाच्या तपासणीत शिक्षिकेचं. आमच्याबरोबरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी शेवटी निदान निश्चित केलं: मुख्यतः अवधानाचा प्रकार, सोबत चिंता.

निदान ऐकून अर्णवने विचारलं होतं, "मग मी आता खेळायला जाऊ?" मेघना बराच वेळ गप्प होती आणि मग सीएबद्दल रडली. मुलाला समजेल असं थोडक्यात सांगून भागतं. मोठ्या माणसाच्या मागे एक आयुष्य असतं, ते तिला नव्याने वाचावं लागतं. त्यासाठी वेळ दिला, आणि तो उपचाराचाच भाग मानला.

आईपासून सुरुवात

हा विकार घराण्यात चालतो. माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकात जनुकांचा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या घरात मानला जातो. आईला असलं तर मुलाला तेवढी टक्के शक्यता, असा त्याचा अर्थ नाही, पण मुलाचं निदान झाल्यावर पालकांकडे बघायला हवं एवढा नक्की आहे. आणि त्यामागे एक अगदी व्यवहाराचं कारण आहे.

मुलांच्या उपचारात पालकांचं प्रशिक्षण फार महत्त्वाचं. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन, डोळ्यांत बघून. चांगलं वागणं दिसलं की लगेच दाद. रोजचा तक्ता, रोज त्याच वेळी. यातला एकूणएक नियम 'रोज' आणि 'त्याच वेळी' या शब्दांवर उभा आहे, आणि एडीएचडी असलेल्या आईकडून नेमकं तेच होत नाही. अर्णवसाठी फ्रिजवर लावलेला ताऱ्यांचा तक्ता चौथ्या दिवशी रिकामा राहिला. समीरने त्यावरून बोलून घेतलं, मेघनाने दुप्पट जोमाने नवा तक्ता केला, रंगीत, फार सुंदर. तोही आठवड्यात थांबला. पालकाचा एडीएचडी उपचाराविना राहिला तर मुलाला प्रशिक्षणाचा लाभ कमी होतो, हे संशोधनातही दिसलं आहे. एखाद्या घरात कार्यक्रम फसतो तेव्हा मी आधी हीच शक्यता तपासते. आळशी आई आणि बिघडलेला मुलगा, असा निवाडा करणं फार सोपं असतं, आणि तो लागलेलं घर मग वर्षभर सावरत नाही.

म्हणून क्रम बदलला. तक्ता समीरकडे दिला. तो रात्री साडेआठला भरायचा आणि त्याच वेळी आजींनी नाशिकहून व्हिडिओ कॉल करायचा. अर्णव आजीला तारे मोजून दाखवतो. मेघनाकडे दाद देण्याचं काम ठेवलं. तत्काळ, मनापासून, भरभरून: ते तिला कुणापेक्षाही चांगलं जमतं.

औषधाचा प्रश्न आला तेव्हा घरात भीती होती: सवय लागेल का, मुलगा मंद होईल का. अर्णवला मिथाइलफेनिडेट सुरू करायचं ठरलं. मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं थोडी जास्त वेळ उपलब्ध राहतील असं ते बघतं. परिणाम तासाभरात दिसतो आणि साध्या गोळीचा तीन-चार तासांत ओसरतो. भारतात ते परिशिष्ट एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे: चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. हे पाहून घरचे आणखी घाबरतात. नियम कडक आहेत ते गैरवापर टाळायला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मात्रेत घेणाऱ्या मुलाला व्यसन लागेल या भीतीला आधार नाही. जे खरोखर बघायचं असतं ते भूक, झोप, वजन-उंची, नाडी आणि रक्तदाब. अर्णवची दुपारची भूक गेली. डबा परत यायला लागला तेव्हा सकाळचा नाश्ता भरपेट केला आणि संध्याकाळी सातनंतर, औषध उतरल्यावर, पुरं जेवण. वजन दर महिन्याला बघतो.

मेघनासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी ॲटोमॉक्सेटिन निवडलं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण तो सकाळच्या डब्यापासून रात्रीच्या आवराआवरीपर्यंत दिवसभर राहतो आणि सोबतच्या चिंतेचाही विचार झाला. पहिल्या दिवसांत मळमळ झाली, ती जेवणानंतर घेतल्यावर कमी झाली. गोळ्या दोघांच्याही रोज समीरच देतो. विसरणाऱ्या माणसावर न विसरण्याच्या औषधाची जबाबदारी टाकू नये.

शाळेत वर्गशिक्षिका समजूतदार निघाल्या. पहिला बाक, खिडकीपासून लांब. गणितं दहाऐवजी पाच. वह्या वाटायचं काम अर्णवचं, म्हणजे उठायला हक्काचं कारण. यातलं बरंच त्यांच्या चांगुलपणावर चाललं आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमतेला जागा आहे, एडीएचडीला स्वतंत्र नाही. अर्णवला अध्ययन अक्षमता नसल्याने सवलतीसाठी दाखवायला कागद नाही. हे मला खटकतं आणि ते बदलायला हवं.

मेघनाबरोबर आम्ही आजींची कामं एकेक करून वस्तूंवर आणि व्यवस्थेवर सोपवली. सगळी बिलं बँकेतून आपोआप. किल्ली, पास आणि फोनसाठी दाराशी एकच टोपली. ट्रेनमध्ये नियम एकच: दिघा गाव आलं की बसायची जागा सोडून दाराशी यायचं, मग ऐरोली चुकत नाही. ऑफिसात कंटाळवाणं काम असेल तेव्हा ती एका मैत्रिणीच्या शेजारच्या टेबलावर जाऊन बसते. मैत्रीण काही करत नाही, फक्त शेजारी असते, जशी आई असायची. 'मी आळशी आहे' हा विचार डोकं वर काढतो तेव्हा त्या क्षणी नेमकं काय अडलं होतं, ते लिहून काढायचं आम्ही शिकलो. बहुतेक वेळा काम सुरू करणं अडलेलं असतं, करणं नाही.

सध्या

अर्णव चौथीत आहे. वह्या बऱ्यापैकी पूर्ण होतात. सोसायटीत भांडणं अजून होतात, पण त्याला एक पक्का मित्र मिळाला आहे. मेघनाच्या लेट फी थांबल्या. रात्री दोनपर्यंत बसणं कमी झालं, संपलेलं नाही. ऑफिसात निदान सांगायचं नाही असं तिने ठरवलं. मी तो निर्णय मानते. समीरशी खटके उडतात, विशेषतः महिनाअखेरीला. दोघांना एकत्र बसवण्याच्या भेटी चालू आहेत.

पुढचा अवघड टप्पा जूनचा आहे. पाचवीत प्रत्येक विषयाला वेगळ्या शिक्षिका येतील, आणि अर्णवला ओळखणाऱ्या एका बाईंच्या जागी सहा अनोळखी माणसं. मे महिन्याच्या सुट्टीत डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थोडे दिवस थांबवून पाहायचं आहे. शाळा सुरू होण्याआधी सगळ्या शिक्षिकांबरोबर बैठक मागितली आहे. तिथे बोलणार मेघना आहे. तिने मुद्द्यांचं एक पान तयार केलं आहे, आणि ते तिच्याकडून हरवेल म्हणून एक प्रत समीरकडे व एक माझ्याकडे दिली आहे. पहिला मुद्दा असा आहे: त्याला उभं राहून लिहावंसं वाटलं, तर लिहू द्या.